कमांडर सरपंच

कमांडर मेहेरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि मी किनाऱ्यावर माझे नवे बूट सांभाळत उभा होतो. दुपारचं कडक ऊन. त्यांच्या हातात माणसाहून उंच बांबू, त्यावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. अंगात पांढराशुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट, तेही पाण्यात. हा गृहस्थ ठार वेडा असावा असं माझ्या मनात येतंय तोवर त्यांनीच हाक मारली.

"ओ पाहुणे, पेन आहे का? बारा अठ्ठेचाळीस, पाचवा पट्टा. लिहून घ्या लवकर!"

त्या आवाजात असं काही होतं की 'का' म्हणून विचारायचं सुचलंच नाही. खिशात नेमणुकीचा आदेश होता, त्याच्याच पाठीमागे मी लिहून घेतलं. बाहेर येऊन त्यांनी कागद हातात घेतला, आकडा तपासला, मग कागद उलटून पुढची बाजू वाचली आणि खदखदून हसले. "म्हणजे तुम्ही आमचे नवे ग्रामसेवक! छान. भाऊसाहेब, या गावातलं तुमचं पहिलं सरकारी काम तुम्ही आत्ता केलंत. खुर्चीत नंतर बसा."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कराडकडचा. समुद्र मी त्याआधी एकदाच पाहिला होता, तोही भेळ खाता खाता. विरारला नव्या इमारतीत लहानशी जागा घेतली होती आणि तिथून एस.टी.ने सुरूपाड्याला ये-जा करायची. सुरूपाडा अर्नाळ्याच्या जरा अलीकडे. सुरूच्या झाडांमागे दडलेलं गाव. समुद्राच्या बाजूला कोळ्यांची वैती आळी, आतल्या बाजूला केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, आणि वाड्या संपल्या की शेजारच्या ख्रिस्ती गावाच्या चर्चचा मनोरा. मला वाटलं होतं, दाखले देऊ, सभा घेऊ, पाच वाजता घरी जाऊ. कमांडरांनी पहिल्याच आठवड्यात मला भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ करायला लावलं. "गावाचा कारभार बघणार आणि गावावर खरा अधिकार कुणाचा ते माहीत नाही, असं कसं चालेल?" असं म्हणायचे, आणि हनुवटीने समुद्राकडे दाखवायचे.

त्यांचं पूर्ण नाव जनार्दन मेहेर. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. मुलगा सोळाव्या वर्षी घरी न सांगता मुंबईला गेला आणि नौदलात भरती झाला. खलाशी म्हणून शिरलेला हा मुलगा एकामागून एक परीक्षा देत अधिकारी झाला आणि लेफ्टनंट कमांडर होऊन निवृत्त झाला. मुंबईत राहायची सोय होती, व्यापारी जहाजांवर नोकरी चालून आली होती. ती धरण्याआधी चार दिवस गावी जाऊन येऊ म्हणून नवरा-बायको सुरूपाड्याला आले. लहानपणी घरापुढे माडांच्या तीन रांगा होत्या. आता एकही नव्हती. जिथे आई धान वाळवायची तिथे ओल्या वाळूत खेकडे पळत होते.

"पंचवीस वर्षं देशाचा किनारा राखला, भाऊसाहेब," ते मला सांगत, "आणि इकडे माझंच अंगण समुद्राने नेलं. मला पत्ताही लागला नाही." त्यांनी मुंबईची नोकरी नाकारली, बांबू रंगवला आणि रोजचं पाणी मोजायला लागले. त्याच्या वह्या भरत गेल्या. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसत म्हणायच्या, "लोक निवृत्त झाल्यावर नातवंडं खेळवतात. आमच्याकडे लाटा खेळवतात."

मोजून समुद्र थांबत नाही हे त्यांना लवकरच कळलं. बंधारा हवा, बंधाऱ्याला सरकार हवं, आणि सरकारपर्यंत जायला हातात गावाचा शिक्का हवा. म्हणून ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर विठ्ठलशेठ वैती. चार ट्रॉलरचे मालक आणि कैक वर्षांचे सरपंच. विठ्ठलशेठ वाईट माणूस नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे. आळीत कुणाला बरं नसलं की त्यांची जीप दारात उभी असे. पण समुद्राविषयी कुणी त्यांना काही शिकवावं हे त्यांना खपत नसे. "जना लोखंडाच्या बोटीवर फिरला," ते चावडीवर म्हणत, "आमी लाकडाच्या. दर्या कोनाला जास्त कलतो?"

कमांडरांच्या प्रचारसभा मी विसरूच शकत नाही. हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि बरोबर पाच मिनिटं बोलायचे. वाक्य अर्धं राहिलं तरी थांबायचे. "माझी पाच मिनिटं संपली. आता तुम्ही बोला." लोकांना याची सवयच नव्हती! पहिल्या सभेत सगळे एकमेकांकडे बघत बसले. दुसऱ्या सभेत एका बाईने पाण्याच्या नळाचं विचारलं. चौथ्या सभेत लोक एवढे बोलायला लागले की कमांडर मध्ये खाली मांडी घालून बसले आणि वहीत लिहीत राहिले.

निकाल लागला तेव्हा अकरा सदस्यांतले सहा विठ्ठलशेठचे, पाच कमांडरांचे. त्या वेळी सरपंच सदस्यांमधून निवडला जाई. त्या दिवशी पंचायतीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांना माणसं लोंबकळत होती. तहसीलचे अधिकारी टेबलामागे, शेजारी मी. "मेहेरांच्या बाजूने हात वर करा." पाच हात वर गेले. विठ्ठलशेठ मिशीला हात लावून हसले. एवढ्यात कोपऱ्यातून बांगड्या वाजल्या आणि सहावा हात वर गेला. तो विठ्ठलशेठच्या सख्ख्या भावजयीचा होता! मंदा वैती महिलांच्या राखीव जागेवर निवडून आली होती, आणि आजवर तिने तोंडातून शब्द काढलेला कुणी ऐकला नव्हता.

"मंदा, हात खाली घे," विठ्ठलशेठ दबक्या आवाजात म्हणाले.

"भावोजी, तुमचं जोतं चार हात उंच हाय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण हात तसाच वर. "पानी पयलं माझ्या चुलीत येतं."

बाहेर जो गलका झाला तो मी काय सांगू! कुणी डबा वाजवत होतं, कुणी सुरूवर चढून ओरडत होतं. मला सभेचं इतिवृत्त दोनदा खोडून लिहावं लागलं. कमांडर मात्र उठले, विठ्ठलशेठसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, उद्या सकाळी तुमची जीप हवी आहे. ठाण्याला जायचंय."

आणि विठ्ठलशेठने जीप दिली. रागारागाने दिली, पण दिली.

तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. तिथल्या एका कचेरीत आम्ही किती वेळा गेलो याला गणती नाही. दर वेळी तिथले साहेब फाईल मिटून म्हणत, "बघू." चौथ्या-पाचव्या खेपेला कमांडर खुर्चीत ताठ झाले. "साहेब, 'बघू' असा हुकूम जहाजावर नसतो. हो असतो, नाहीतर नाही असतो. आम्हाला दोन्ही चालतं."

साहेब चपापले. म्हणाले, "पण गावात समुद्र शिरल्याची नोंद कुठे आहे? जागा पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

"या ना मग! होळीनंतरच्या शुक्रवारी या. सकाळी आठला. जेवायलाच या."

साहेब आले. मी बघतो तर समुद्र ओहोटीला पार लांब गेलेला. मैलभर नुसता चिखल आणि त्यात बगळे. साहेबांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "अहो, समुद्र कुठे आहे? दुर्बीण आणू का?" त्यांच्याबरोबरचे लोक मनमुराद हसले. माझं तोंड उतरलं. म्हटलं, कमांडरांसारख्या माणसाने तारीख कशी चुकवली?

"आधी वाड्या बघू, मग जेवू," कमांडर शांतपणे म्हणाले. जीप सुरूच्या सावलीत लावायला सांगितली, फिरून आल्यावर मंदाताईच्या पडवीत पानं मांडली. तांदळाची भाकरी, तळलेलं पापलेट, सुक्या बोंबलाची चटणी. कमांडर आग्रह करकरून वाढत होते. नौदलातल्या गमती सांगत होते. साहेब तिसऱ्या भाकरीवर आले असतील, तेवढ्यात पायरीखाली काढून ठेवलेली त्यांची चप्पल हळूच उचलली गेली आणि पाण्यावर तरंगत दाराकडे यायला लागली.

साहेबांचा घास हातातच राहिला. बाहेर पाहतात तर जीपची चाकं अर्धी पाण्यात, आणि ड्रायव्हर बॉनेटवर उभा राहून हातवारे करतोय.

कमांडरांनी घड्याळ बघितलं. "बारा पस्तीस. नोंद करता ना, साहेब? भाऊसाहेब, साहेबांना पेन द्या."

प्रस्ताव त्याच महिन्यात वर गेला. पण वर जाणं वेगळं आणि दगड येणं वेगळं. मध्ये वर्ष गेलं, दुसरा पावसाळा आला. आणि मग तो आषाढातल्या अमावास्येचा दिवस उजाडला.

सकाळी सातला मी पंचायतीत पोचतो तो कमांडर आधीच तिथे. तीन दिवस नैऋत्येचा वारा पिसाटासारखा वाहत होता. त्यांच्या घरात भिंतीवर जहाजावरचं पितळी वायुभारमापक होतं, त्याचा काटा रात्रीपासून खाली चालला होता. ते म्हणाले, "भाऊसाहेब, आज साडेबाराच्या भरतीला वैती आळीत पाणी शिरणार. चप्पल तरंगवणारं नाही, भिंती पाडणारं. अकराच्या आत आळी रिकामी करायची."

मी तहसीलला फोन लावला. उत्तर आलं, वरून सूचना नाही, सूचनेशिवाय लोकांना घराबाहेर काढू नका, उद्या काही झालं नाही तर उत्तर कोण देणार? मी फोन ठेवला आणि कमांडरांकडे बघत राहिलो. नोकरी अजून कायम व्हायची, घरी बाळंतीण बायको. माझी भीती त्यांनी ओळखली. समोरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'वैती आळी रिकामी करण्याचा निर्णय माझा एकट्याचा आहे. ग्रामसेवकांचा याच्याशी संबंध नाही. चूक ठरल्यास ती माझी.' खाली सही, वेळ. कागद माझ्या खिशात घातला.

"आता धावा!"

आम्ही धावलो. शेजारच्या गावातल्या चर्चच्या फादरांना निरोप गेला, तर ते सायकल मारत स्वतःच आले. "कमांडर, हॉल उघडलाय. आमच्या बायका चहा-पाव करायला लागल्यात. घंटा वाजवू का?" "वाजवा, फादर! थांबवू नका!" आणि ती घंटा सुरू झाली. वाड्यांतले लोक बैलगाड्या घेऊन आले. म्हातारीकोतारी, पाळण्यातली पोरं, कोंबड्या, शिलाई मशीन, देव्हारे, सगळं गाड्यांवर चढलं. मंदाताई पदर खोचून घराघरांत शिरत होती आणि जो 'नंतर येतो' म्हणेल त्याचं बखोट धरून बाहेर आणत होती. मी आयुष्यात इतका ओरडलो नव्हतो. कराडच्या मातीतला माझा आवाज त्या दिवशी वाऱ्याच्या वर गेला!

अकरा वाजले. एक घर सोडून आळी रिकामी झाली. ते घर विठ्ठलशेठचं. ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, आत त्यांची आई, ऐंशीच्या पुढची हिराआय.

"तुमी जा," विठ्ठलशेठ म्हणाले. "माझ्या जोत्याला पानी लागलेलं मी कदी पाह्यलं नाय. माझ्या बापाने नाय पाह्यलं."

मला वाटलं कमांडर चिडतील. वाद घालतील. त्यांनी चपला काढल्या, ओटीवर चढले आणि झोपाळ्यावर शेठच्या शेजारी बसले.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"शेवटचा माणूस निघेपर्यंत मला निघता येत नाही. तू बसलास, मी बसलो. भाऊसाहेब, तुम्ही निघा."

मी निघालो नाही. सुरूंच्या पलीकडून येणारा आवाज आता नुसता लाटांचा राहिला नव्हता, जमिनीतून छातीत शिरत होता. साडेअकरा. अकरा चाळीस. ते दोघं शाळेतल्या भांडलेल्या पोरांसारखे एका झोपाळ्यावर, एकमेकांकडे न बघता बसलेले. शेवटी आतून हिराआय भिंतीला धरत धरत आली.

"इठ्ठल, ऊठ."

"आय, तू आत बस."

"ऊठ म्हनते ना! तुना जीव द्यायचा तं दे. पन जना गावाचा सरपंच हाय. त्याचं काय झालं तं मी बाजारात मासली इकायला कंच्या तोंडाने बसू?"

विठ्ठलशेठ उठले. आईला पाठुंगळीला घेतलं आणि पायऱ्या उतरले. आम्ही वाडीच्या बांधावर पोचलो असू नसू, तेवढ्यात सुरूची पहिली रांग मधोमध फाटल्यासारखी झाली आणि पाणी आलं. लाट नव्हे, तपकिरी भिंतच चालून आली. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आगपेट्यांसारख्या उचलल्या गेल्या. विठ्ठलशेठच्या ओटीचे खांब वाकले, झोपाळ्यासकट ओटी बसली, आणि चार हात उंच जोत्यावरून पाणी पलीकडे निघून गेलं. विठ्ठलशेठ आईला पाठीवर घेऊन बघत उभे राहिले.

चर्चच्या हॉलमध्ये कमांडरांनी हजेरी घेतली. यादी माझ्या हातात, नावं ते पुकारत होते, आणि प्रत्येक 'हाय' बरोबर मी खूण करत होतो. सगळी नावं संपली. आळीतलं प्रत्येक माणूस हजर! हॉलमध्ये टाळ्या वाजल्या, कुणी रडायला लागलं, फादरांनी हात जोडले. तेवढ्यात मंदाताईने विचारलं, "सुमनकाकू कुठं हाय?"

आळीच्या यादीत काकूंचं नाव नव्हतं. कमांडरांचं घर आळीच्या टोकाला, जरा उंचावर, म्हणून ते यादीत घेतलंच नव्हतं. सकाळपासून गावाला बाहेर काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोला कुठे जायचं ते सांगितलं नव्हतं. कमांडरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग परत पाहिलं. त्यांना वेळ वाचता येत नसावी असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं. ते दाराकडे निघाले तर पाय अडखळला.

"तू थांब," विठ्ठलशेठ म्हणाले. खांद्यावर दोरखंड टाकून ते तोवर बाहेर पडलेही होते. त्यांच्यामागे तिघे जण गेले, त्यांच्यामागे मी. बांधावरून दिसलं ते असं: छातीइतक्या पाण्यात, एका हाताने कुंपणाचा खांब धरून सुमनकाकू उभ्या होत्या, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचं प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं गाठोडं सावरत होत्या. विठ्ठलशेठनी दोर कमरेला बांधला, टोक आमच्या हातात दिलं आणि पाण्यात शिरले. दोनदा पाण्याने त्यांना बाजूला लोटलं. तिसऱ्यांदा त्यांनी काकूंचा दंड धरला. "वैनी, गाठोडं सोडा!" "नाही सोडणार!" "अवो सोडा!" "आधी गाठोडं घ्या, मग मला!" आम्ही दोघांनाही, गाठोड्यासकट, ओढून काढलं.

गाठोड्यात वह्या होत्या. सात वर्षांच्या भरतीच्या.

कमांडर धावत बांधावर आले. काकूंसमोर उभे राहिले. काकूच म्हणाल्या, "असे काय बघता? या वह्या गेल्या असत्या तर ठाण्यात तुमचं कोण ऐकणार होतं?" मग त्या रडायला लागल्या, आणि कमांडर सगळ्या गावादेखत त्यांचा हात धरून तिथेच ओल्या बांधावर बसले.

त्या दिवशी आळीतली एकोणीस घरं पडली. माणूस एकही गेलं नाही. संध्याकाळी तहसीलचे अधिकारी आले, पडझड बघत बघत त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, लोकांना बाहेर काढायची सूचना कुणी दिली? मी खिशातला कागद काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "जपून ठेवा."

पुढच्या दिवाळीनंतर दगडाचे ट्रक आले. बंधारा उभा राहायला लागला तेव्हा गाव रोज संध्याकाळी बघायला जमायचं, जत्रेसारखं. आणि मग कमांडरांनी गावाला नको असलेली गोष्ट सांगितली. नवी घरं जुन्या जागी नकोत. बंधाऱ्यापासून चाळीस पावलं मागे. "दगड समुद्राला थोपवतो, वचन देत नाही." लोक खवळले. वाडवडिलांची जागा, होडीपासून चार पावलांवरचं दार, ते सोडायचं? कमांडर हटले नाहीत. पुढच्या निवडणुकीत ते पडले. ज्या आळीला त्यांनी वाचवलं त्याच आळीने त्यांना पाडलं, तेही थोड्याथोडक्या मतांनी नाही. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं होतं, मंदाताई सरपंच झाली.

मला त्यांच्या घरी जायचा धीर होईना. गेलो तेव्हा ते ओसरीवर नवा बांबू रंगवत होते. मी काहीतरी सांत्वनाचं बोललो असेन.

"अहो, जिवंत आहेत म्हणून पाडायला आले ना?" ते म्हणाले आणि असे हसले की मलाही हसू आलं. "मतपेटीला माणसं कमी पडली असती तर मी हरलो असं म्हटलं असतं."

मंदाताईने सरपंच झाल्यावर पहिला ठराव चाळीस पावलांचाच आणला. विठ्ठलशेठनी तो मान्य केला, कारण त्यांनी स्वतःचं नवं घर साठ पावलं मागे बांधलं होतं.

दोन हजार साल उलटल्यावर माझी बदली चांदीपला झाली, तालुक्याच्या पूर्वेला, जिथे शेतं आहेत, डोंगर आहेत, आणि समुद्राचा वाससुद्धा येत नाही. कमांडर एस.टी. थांब्यावर सोडायला आले. मी म्हटलं, "आता भरतीचं कोष्टक काही उपयोगाचं नाही." ते म्हणाले, "भाऊसाहेब, तिथे गेल्यावर लोकांना काय हवं आहे ते विचारू नका. ते सगळेच विचारतात. भीती कशाची वाटते ते विचारा. आणि जो पहिल्यांदा बोलेल त्याच्याबरोबर लगेच ती जागा बघायला जा."

मी तसंच केलं. चांदीपला एका आदिवासी बाईने सांगितलं की पावसाळ्यात ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पोरं शाळेत जातात तेव्हा ती दाराशी बसून राहते, पोरं परत येईपर्यंत. मी तिच्याबरोबर तिथे गेलो. मग तीन वर्षं मी कचेऱ्यांमधून 'बघू' ऐकत राहिलो आणि तिथे पक्का पूल मंजूर करून घेतला.

पुलाचा स्लॅब टाकायचा होता त्या सकाळी मंदाताईचा फोन आला. कमांडर गेले. सकाळी चहा घेता घेता, खुर्चीत. दुपारी नेणार होते. काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती. स्लॅब मध्ये सोडता येत नाही, जोड राहतो आणि जोडातून पूल फुटतो. माझ्याशिवाय तिथे बघणारं कुणी नव्हतं. मी थांबलो. पाट्या पुढे सरकत होत्या, मी माणसांवर ओरडत होतो, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते घामात कुणाला कळलं नाही.

सुरूपाड्याला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओसरीवर सतरंजी टाकलेली, सुमनकाकू भिंतीला टेकून बसलेल्या, शेजारी मंदाताई, समोर विठ्ठलशेठ आणि आळीतली माणसं. मी काकूंच्या पायाशी बसलो. म्हटलं, "काकू, मला माफ करा. स्लॅब चालू होता."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "पुरा झाला?"

"झाला."

"बरं केलंत. अर्धा टाकून आला असतात तर ते रागावले असते."

मग विठ्ठलशेठनी घसा साफ करून विचारलं, "पूल कितीक उंच घेतला? पूर आला तं वरून पानी जाईल काय?" मी सांगितलं. मंदाताईने पायाचं विचारलं. कुणी दगड कुठला वापरला ते विचारलं, कुणी ओढा उतरतो कुठून ते. काकूंनी सावरून बसत विचारलं, कठडा केलाय ना, पोरं जाणार आहेत. मी हातवारे करून, सतरंजीवर बोटाने रेघा ओढून, सगळं सांगत गेलो. बोलता बोलता माझा आवाज चढला, त्यांचे प्रश्न वाढले, आणि त्या सुतकाच्या घरात आम्ही तासभर एका लहानशा पुलाविषयी भरभरून बोलत बसलो.